नवी मुंबईत फूड ट्रकवर पहिल्यांदा मलेशियन खायचं तर काय मागवावं?

तुम्ही विचारलंय की सानपाडा-नेरुळकडे मलेशियन पदार्थांचा ट्रक उभा दिसतो, पण चायनीजपलीकडे फारसं काही खाल्लेलं नाही. तर पहिल्यांदा काय घ्यावं आणि ते आपल्या जिभेला रुचेल का? रुचेल. ज्या घरात ओला नारळ आणि सुका जवळा नेहमीचा आहे, त्या घरातल्या माणसाला तर हे जेवण चायनीजपेक्षा लवकर आवडेल, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात नासी लेमाकपासून करा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात पांदान नावाचं केवड्याच्या कुळातलं सुगंधी पान. सोबत तळलेली बारीक सुकी मासळी (आपल्या मांदेलीच्याच कुळातली), तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि सांबाल नावाची तिखट चटणी. तिकडे हा सकाळचा नाश्ता आहे. मलेशियाची न्याहारीची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, त्यात नासी लेमाक आहेच. आपल्याकडे ट्रक संध्याकाळी लागतात म्हणून आपण ते रात्री खातो. पण लवकर जा, कारण नारळाच्या दुधातला भात गार झाला की घट्ट होतो आणि निम्मी मजा जाते.

या ताटाचा जीव सांबालमध्ये असतो. वाळलेल्या लाल मिरच्या, कांदा, लसूण वाटून ते वाटण तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परततात, मग चिंच आणि गूळ. यात पडतं बेलाचान, म्हणजे मीठ लावून आंबवलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातीची. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यातून सुकी मासळी आणणाऱ्याला तो वास परका वाटणार नाही. मागवण्याआधी चमचाभर सांबाल चाखायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. आधी गोडसर, मग आंबट आणि शेवटी तिखट लागलं तर निर्धास्त बसा. कच्च्या मिरचीचा उग्रपणा असेल किंवा शेजवान चटणीची आठवण झाली, तर त्या ट्रकवर नासी लेमाक घेऊ नका.

आणि कालवून खा. भात, सांबाल, थोडी मासळी, दोन शेंगदाणे, सगळं एका घासात. वेगवेगळं खाल्लं तर भात सपक आणि सांबाल जहाल लागतं, आणि लोक तेवढ्यावरून नावं ठेवतात.

रोटी चानाई हा दुसरा चांगला पर्याय. तमिळ मुसलमान तिकडे गेले आणि त्यांच्या हातचा परोटा तिथला झाला, म्हणून तो डाळीबरोबर मिळतो. फक्त बघून घ्या की मैद्याचा गोळा तुमच्यासमोर तेल लावून पातळ ताणला जातोय का. ट्रकमध्ये ओटा अरुंद असतो, म्हणून पुष्कळजण फ्रोझन मलबारी पराठा तव्यावर टाकतात. त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही.

लाक्सा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, पहिल्या खेपेला नको. नारळाच्या दुधाचा रस्सा तासन्‌तास आचेवर राहिला की फाटतो, आणि छोट्या ट्रकवर नेमकं हेच होतं. पेनांगचं आसाम लाक्सा नारळाशिवायचं, बांगड्याचं आणि चिंचेचं असतं. ते कुठे मिळालं तर मात्र सोडू नका. रेंदांग, म्हणजे मसाल्यात आटवलेलं मांस, दिसलं तर चिकनचं घ्या. त्यात भाजलेलं खोबरं वाटून घालतात, आणि आपल्या सुक्या चिकनवर वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासातच पटतं.

सोबत कुणी शाकाहारी असेल तर नीट ऐका. ताटातली मासळी डोळ्यांना दिसते, बेलाचान दिसत नाही. “मासळी काढून द्या” म्हटल्यावर येणारं ताट शाकाहारी नसतं; सांबालमध्ये आणि बहुतेक लाक्साच्या वाटणात कोळंबी असतेच. बेलाचानशिवायचं सांबाल वेगळं केलंय का, हे थेट विचारा. रोटीबरोबरच्या डाळीत माशाचा रस्सा मिसळलाय का, तेही विचारा. आणि कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, कारण साते (काडीला लावून भाजलेलं मांस) घेतलं तरी त्याची चटणी शेंगदाण्याचीच असते.