तळ्यातली जलपर्णी आणि वाडीतली भांडणं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तळ्या-तलावांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. कोकणातून भरपूर पत्रं आली आणि बहुतेक सगळी जलपर्णीचीच, त्यातली चार घेते.

प्रश्न : आमच्या वाडीचं तलाव मंडळ आहे. मे महिन्यात चाकरमानी आलेले तेव्हा सगळ्यांनी मिळून तळं साफ केलं, जेसीबी लावला, वर्गणी काढली. दिवाळीला बघतो तर अर्धं तळं परत हिरवं! लोक म्हणतात पैसे पाण्यात गेले. आता परत कोणाला बोलवायचं कुठल्या तोंडाने? (मंडळाचे सचिव, कुडाळ तालुका)

उत्तर : दादा, बोलवायचंच, पण या वेळी लोकांना आधीच खरं सांगायचं की हे एकदा करून संपणारं काम नाहीये. तुम्ही लिहिलंय तसे फुगीर देठ आणि जांभळी फुलं असतील तर ती जलपर्णीच, दक्षिण अमेरिकेतून आलेली, आणि तिचं बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, उन्हाळ्यात पाणी उतरून चिखलाला ऊन लागलं की ते रुजतं. त्यात पाण्याला खत मिळालं तर एक-दोन आठवड्यांत झाडं दुप्पट होतात. हिशोब करून बघा, मे अखेरीला कोपऱ्यात नुसती दहा रोपं राहिली आणि दर दोन आठवड्यांनी दुप्पट झाली तर वीस आठवड्यांत दहा हजारांच्या वर जातात, म्हणजे बरोबर तुमची दिवाळी. मेहनत वाया नाही गेली, मेनंतर कोणी बघितलं नाही एवढंच झालं.

म्हणून माझं म्हणणं असं की जेसीबीच्या पैशातले थोडे बाजूला काढून दोन माणसं ठरवा, आठवड्यातून एक सकाळ, एक तराफा, एक लांब दांड्याचा आकडा, लाइफ जॅकेट किंवा कमरेला दोर, आणि दिसेल ते रोप मुळासकट वर काढायचं. जून ते ऑक्टोबर सगळ्यात महत्त्वाचं, नेमकं तेव्हाच लावणी असते मग गणपती असतात आणि तळ्याकडे कोणी फिरकत नाही. पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी जिथून तळ्यात येतं तिथे बांबूचा आडवा अडसर बांधा, वरून वाहून येणारी रोपं तिथेच अडकतात आणि काठावरून काढता येतात.

आणि एक, फुलं येण्याआधी काढा. फुलं बघून लोक फोटो काढतात, पण तेच पुढच्या पंधरा वर्षांचं बियाणं आहे.

काही तळ्यांत जलपर्णी नसून साल्विनिया नावाचं दुसरं तरंगतं तण असतं, छोटी दुमडलेली पानं, वर बारीक लव, पाणी टाकलं तर थेंब तसाच उभा राहतो आणि फूल कधीच येत नाही. ही वाढते त्याहून जोरात, पण तिला बी धरत नाही, तुकड्यातुकड्यातूनच पसरते. म्हणजे शेवटचा तुकडा काढला तर खरंच संपते! त्यामुळे आधी आपल्या तळ्यात काय आहे ते नीट ओळखा. कमळ आणि कुमुद मात्र आपलीच, ती सगळी उपटू नका, फक्त घाटाजवळची आणि मोरीजवळची काढा.

एक कळकळीची विनंती. पहिल्या पावसात काठीने ढकलून जलपर्णी सांडव्यावरून सोडून देतात, ते प्लीज करू नका. ती खाली वहाळात मोऱ्यांना अडकते, दुसऱ्यांच्या भातात पाणी तुंबतं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती मरते हे खरं, पण तिथे जाऊन कुजते आणि तिथेही कोणाची तरी जाळी असतातच.

प्रश्न : काढलेली जलपर्णी मंडळवाले माझ्या घरामागच्या बांधावर टाकतात. वास, डास, मुलं आजारी. सांगितलं तर म्हणतात गावाच्या कामात खोडा घालतेस. धुरळणीपण झाली, फरक शून्य. (एक गृहिणी, मालवण तालुका)

उत्तर : ताई, तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि मंडळाने ती मान्य करायला हवी. श्रमदान चांगलं आहे म्हणून त्याचा त्रास एकाच घराने सोसायचा हे चालणार नाही.

डासांचं सांगते. मॅन्सोनिया नावाचे डास आहेत, त्यांच्या अळ्या इतर डासांसारख्या श्वास घ्यायला पाण्यावर येत नाहीत, जलपर्णी आणि गोंडाळ (हेही पाण्यावर तरंगणारं झाड) यांच्या मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेतात. हत्तीरोगाचा एक प्रकार हे डास पसरवतात. धुराने उडणारे डास मरतात, मुळाशी चिकटलेल्या अळ्यांना काहीच होत नाही. त्यामुळे झाड पाण्यातून बाहेर काढणं हाच उपाय, पण काढल्यावर ते घरामागे ओलं रचून ठेवायचं नाही.

जलपर्णीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. आधी काठावरच, पण पुराच्या रेषेच्या वर, पातळ पसरून चार-पाच दिवस उन्हात सुकवायची, ढीग एवढासा होतो. मग घरांपासून लांब खड्ड्यात किंवा ढिगात थर लावायचे, एक थर जलपर्णी, एक शेण-माती, एक पातेरा (सुका पालापाचोळा), आणि महिन्याने वरखाली करायचं. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं, माडा-पोफळींना घाला. ढीग आतून चांगला तापला पाहिजे, नाहीतर बी तसंच राहतं. तळ्यात गटाराचं किंवा वर्कशॉपचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला वापरू नका, जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते. मोठी सफाई आणि सुकवायचं काम एप्रिल-मे मध्येच उरकायचं, पावसात यातलं काहीच सुकत नाही. हे उत्तर मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

प्रश्न : ग्रुपवर रोज वाद. कोण म्हणतो औषध मारा एका दिवसात काम, कोण म्हणतो गवत्या मासा सोडा, कोण म्हणतो किडे आणा. खरं काय? (मुंबईत राहणारा, गाव रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : औषध नको. सगळं तळं एकदम फवारलं की मेलेली झाडं तळाशी बसतात, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि सकाळी मासे उलटे होऊन तरंगताना दिसतात. कुजलेल्यातलं खत पाण्यातच राहतं, पुढची पिढी त्याच्यावरच पोसते. त्यात त्याच तळ्याला लागून विहिरी, गुरं तिथेच पाणी पितात. ग्लायफोसेट या तणनाशकावर तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी वापरायचं नाही. पाठीला पंप बांधून कोणी काका उतरणार असतील तर त्यांना थांबवा.

गवत्या मासा पाण्याखालचं मऊ गवत खातो, जलपर्णीला फारसं तोंड लावत नाही.

किड्यांचं मात्र खरं आहे. नियोचेटिना नावाचे सोंडकिडे १९८० च्या दशकात भारतात आणले, ते जलपर्णीच खातात. पण त्यांना वर्षं लागतात, मध्येच सगळं तण काढलं तर त्यांचं खाणंच संपतं. छोट्या वाडीच्या तळ्याला हातानेच काढणं बरं, मोठा तलाव असेल तर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाला पत्र लिहून विचारा.

प्रश्न : आमचं घर तळ्याच्या वरच्या अंगाला. मंडळ म्हणतं तुमच्या संडासाच्या पाण्यानेच तण वाढतं, तुम्ही डबल वर्गणी द्या. बंद घरंवाले काहीच देत नाहीत. आणि तळं सरकारी, मग आम्ही का करायचं? (वेंगुर्ला तालुका)

उत्तर : काका, तुम्हाला राग आलाय ते कळतंय, पण मंडळाचं अर्धं बरोबर आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाल्याशिवाय एवढं तण वाढत नाही. ते सेप्टिक टँकच्या ओव्हरफ्लोमधून येतं, तसंच गोठ्यातून, घाटावरच्या साबणातून, कलमांच्या खतातून आणि गणपतीच्या निर्माल्यातूनही येतं. मग एकट्या तुमच्यावर बोट का? सगळी वाडी फिरून कोणाचं पाणी कुठे जातं ते कागदावर काढा, तुमच्यापासून सुरुवात करायला तुम्हीच सांगा. टाकीचं बाहेर जाणारं पाणी शोषखड्ड्यात घ्या, तळ्यापासून आणि विहिरीपासून लांब, जांभ्याला भेगा असतील तर पाणी झिरपत फार पुढे जातं म्हणून गवंड्याला दाखवूनच जागा ठरवा. दंडापेक्षा मंडळाने शोषखड्ड्याला मदत करावी, ते पैसे जास्त कामी येतील.

वर्गणी घरटी सारखी ठेवा, बंद घरालासुद्धा, आणि ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांचं श्रमदान धरा. पण सक्तीने वसूल करायचा मंडळाला अधिकार नाही, म्हणून पावती आणि हिशोब चोख पाहिजे. सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, मग बँक खातं आणि ऑडिट येतं आणि संशय कमी होतो.

तळं सरकारी म्हणता, तर ते ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेचं का देवस्थानचं ते आधी कागदावर बघा, जेसीबी लावायच्या आधी त्यांची लेखी परवानगी लागेलच. पण तुमच्याच जिल्ह्यातला धामापूरचा तलाव बघा, विजयनगरच्या काळात १५३० मध्ये बांधलेला, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत गेला, तो एवढी शतकं टिकला कारण आजूबाजूची माणसं त्याच्या पाण्यावर जगत होती आणि त्याच्याकडे बघत होती. सरकारकडून निधी मागायचाच, तो हक्कच आहे. १ मेच्या ग्रामसभेत चाकरमानीही गावात असतात, तेव्हा विषय लेखी द्या, गाळ काढणं, अडसर आणि शोषखड्डे तिन्ही एकाच ठरावात घ्या आणि ठरावाची नक्कल मागून घ्या.