तेलाचा बाथ तापवण्याआधी

भाऊ, जळगावला मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. तेव्हा कूलिंगशिवाय बाथ, म्हणजे थर्मामीटर तपासायची ही तेलाची टाकी, 30 अंशांवर येणारच नाही, कंट्रोलरला दोष देऊ नकोस. हीटर लावण्याआधी तेल ढवळणारा स्टरर फिरतोय ना, ते डोळ्यांनी बघ. तो बंद असला की वर एक तापमान, खाली दुसरं.

सगळ्यात जपायचं ते पाण्याला. ओला प्रोब (तपासायची तापमान मोजणारी दांडी) 150 अंशांच्या सिलिकॉन तेलात घातलास, तर थेंबाची क्षणात वाफ होते आणि तेल अंगावर उडतं. माझ्या मनगटावर अजून डाग आहे. प्रोब कोरडा पुसूनच घाल, मास्टरच्या (ज्याच्याशी ताडून बघायचं त्या खात्रीच्या थर्मामीटरच्या) शेजारी, तेवढाच खोल. तापल्यावर तेल फुगतं, काठोकाठ भरू नकोस. आणि कटऑफ, म्हणजे जास्त तापलं की हीटर बंद करणारी मर्यादा, तेलाच्या फ्लॅश पॉइंटच्या (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते) बराच खाली लाव.