गिझरचा वाय-फाय कंट्रोलर होम असिस्टंटला कसा जोडायचा? घरी आई-वडील आहेत, ते फोन वापरत नाहीत

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याला देवपुरात घर, २५ लिटरचा २००० वॉटचा गिझर, त्याला स्मार्ट लाइफ अॅपवर चालणारा, युनिट मोजणारा १६ अँपिअरचा कंट्रोलर. तो जुन्या लॅपटॉपवरच्या होम असिस्टंटला (घरातली स्मार्ट यंत्रं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) जोडायचा आहे. तुम्ही नोकरीला पुण्यात, घरी दोघंच म्हातारे.

जोडणं दहा मिनिटांचं काम आहे, खाली सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गिझर चालू करायला ऑटोमेशनची फारशी गरज नसते, ती असते बंद करायला. आणि बंद करण्याची जबाबदारी लॅपटॉपवर नको, नेटवर नको, पुण्यातल्या तुमच्यावर तर नकोच. ती त्या कंट्रोलरच्या डबीतच असली पाहिजे.

मी हे जळगावात धडा घेऊन शिकलो. डिसेंबर होता. साडेपाचला चालू, सव्वासहाला बंद, असं वेळापत्रक मी होम असिस्टंटमध्ये लावलेलं. लग्नाला निघायची घाई, आंघोळी उरकून पावणेसहालाच आम्ही घराबाहेर. मागे लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून तो जागाच राहिला आणि सव्वासहाला त्याने इमानदारीत ‘बंद’चा हुकूम सोडला. पण तेव्हा राउटर मेलेला, कंट्रोलर मेलेला. हुकूम ऐकणारं कोणी नव्हतं. नंतर लाईट आली, कंट्रोलर जागा झाला आणि आपण आधी चालू होतो हे आठवून पुन्हा चालू झाला. आम्ही परतलो रात्री उशिरा. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा गिझरमधला भाग) शाबूत होता म्हणून काही जळलं नाही, पण नळातून वाफ आलेली बघून बायकोने माझ्याकडे जे बघितलं, ते कुठल्याच अॅपमध्ये नोंदलेलं नाही.

म्हणून पहिलं काम स्मार्ट लाइफमध्येच करा, होम असिस्टंट उघडूसुद्धा नका. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये लाईट परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, कुठे ‘रिले स्टेटस’ तर कुठे ‘पॉवर-ऑन’ अशा नावाने. तो ‘ऑफ’ ठेवा. दुसरं म्हणजे ‘इंचिंग’. चालू झाल्यावर ठरावीक वेळाने (इथे एक तास ठेवा) डबी स्वतःच बंद होते, नेट असो वा नसो. तुमच्या कंट्रोलरमध्ये ‘इंचिंग’ नसेल तर तो बदलून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. टॅस्मोटा फर्मवेअरचं (यंत्राच्या आत भरलेलं वेगळं सॉफ्टवेअर) यंत्र असेल तर हेच दोन हुकूम कन्सोलमध्ये द्यायचे (टाइप इंग्रजीतच करायचे): ‘पॉवरऑनस्टेट ०’ आणि ‘पल्सटाइम ३७००’. पल्सटाइममध्ये हव्या त्या सेकंदांत १०० मिळवायचे असतात, म्हणजे ३६०० अधिक १००, बरोबर एक तास.

तासच का? हिशोब सोपा आहे. धुळ्याला थंडीत पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांचं धरा. २५ लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.३ युनिट लागतात, म्हणजे दोन किलोवॉटच्या गिझरला चाळीसेक मिनिटं. पण हे २३० व्होल्ट पूर्ण मिळाले तर. विजेचा दाब २०० व्होल्टवर आला की तोच गिझर १५०० वॉटवर चालतो, कारण वॉट दाबाच्या वर्गाने कमी होतात. मग चाळीसची ५०-५५ मिनिटं होतात. आपल्याकडे पहाटे दाब काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मी सुरुवातीला ४५ मिनिटं ठेवली होती, तर आई रोज विचारायची, “पानी तपनं का रे भो?” आणि पाणी कोमटच.

आता जोडणी. होम असिस्टंटच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइसेस अँड सर्व्हिसेस, तिथे ‘तुया’ (स्मार्ट लाइफ अॅपमागची कंपनी) इंटिग्रेशन जोडा. स्मार्ट लाइफ अॅपच्या अकाउंट सेटिंगमध्ये ‘यूजर कोड’ मिळतो, तो टाकला की क्यूआर येतो. तो अॅपमधूनच स्कॅन करायचा. पूर्वी यासाठी डेव्हलपर खातं उघडण्याची कटकट होती, २०२४ पासून ती गेली. कंट्रोलर एका स्विचसारखा दिसेल आणि सोबत वॉट, व्होल्ट, अँपिअरचे सेन्सर येतील.

ही जोडणी कंपनीच्या सर्व्हरमार्फत असते. नेट गेलं की लॅपटॉप आणि गिझर एकाच घरात असून एकमेकांना ओळखत नाहीत. घरातल्या घरात बोलणं हवं तर ‘लोकलतुया’ नावाचं इंटिग्रेशन आहे. त्याला यंत्राची ‘लोकल की’ (एक गुप्त कोड) लागते आणि राउटरमध्ये कंट्रोलरचा आयपी पत्ता कायमचा बांधून ठेवावा लागतो. लक्षात ठेवा, अॅपमधून यंत्र काढून पुन्हा जोडलं की ती की बदलते. त्यामुळे घरच्या कोणी “चालत नाही” म्हणून रीसेट केलं तर तुमची पुण्यातून फेरी पक्की. असे कंट्रोलर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हेही राउटर बदलताना विसरू नका.

टॅस्मोटा टाकायचा मोह झाला तर आधी आतली चिप बघा. हल्लीच्या अनेक तुया डब्यांत टॅस्मोटाला लागणाऱ्या ईएसपी चिपऐवजी बेकेन कंपनीची चिप असते, तिच्यावर टॅस्मोटा चढत नाही. आणि उघडलेल्या डबीला संगणकाची वायर जोडताना तिला २३० व्होल्ट जोडलेले असता कामा नयेत. इथे हयगय म्हणजे थेट जिवाशी गाठ.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पाणी तापलं हे कळायला पाइपला तापमानाचा सेन्सर बांधायची गरज नाही. वॉट बघा. गिझर तापत असताना सेन्सर २००० च्या आसपास दाखवतो, आणि थर्मोस्टॅटने तोडलं की क्षणात शून्य. ऑटोमेशन एवढंच: वॉट ५० च्या खाली आले आणि मिनिटभर तसेच राहिले, की स्विच बंद कर आणि कळव. आईसाठी मी निरोप फोनवर पाठवत नाही. देवघराशेजारी एक स्मार्ट बल्ब आहे, तो हिरवा होतो. आता ती गिझरबद्दल विचारत नाही, बल्बकडे बघते.

यात एक खोच आहे, मला ती उलगडायला आठवडा गेला. होम असिस्टंटमध्ये ‘५० च्या खाली’ हा ट्रिगर वॉट वरून खाली येताना, म्हणजे रेषा ओलांडतानाच उडतो. पाणी आधीच गरम असताना कोणी गिझर लावला तर वॉट शून्यावरच राहतात, रेषा ओलांडली जात नाही, ट्रिगर उडतच नाही. तेव्हा डबीतला तो एक तासाचा इंचिंगच कामी येतो. पुण्यात बसून आणखी एक निदान करता येईल: थंडीत पहाटे स्विच चालू, आणि पाच मिनिटांनंतरही वॉट शून्य, तर रॉड जळालाय किंवा आतला थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग) पडलाय. बोअरच्या जड पाण्याने रॉडवर क्षार चढतो तिथे हे आज ना उद्या होतंच.

वायरिंगचं थोडं, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कंट्रोलर थर्मोस्टॅटच्या जागी नाही, त्याच्या आधी बसतो. कोणी मिस्त्री थर्मोस्टॅट थेट जोडून “आता अॅपवरून कंट्रोल करा” म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २००० वॉटला ८.७ अँपिअर लागतात, तुमचा १६ चा चालेल. मी आधी १० चा प्लग वापरला होता, महिन्याभरात त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलं. पुढे ३००० वॉटचा गिझर घेतलात तर १३ अँपिअर होतात. तेव्हा डबीने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा वेगळा स्विच) ओढावा आणि गिझरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. डबी बाथरूममध्ये नको, बाहेरच्या बोर्डात हवी. आत एकच रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) असेल तर तो एकच वायर तोडतो, आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर ‘बंद’ असतानाही रॉडपर्यंत फेज पोहोचलेला असतो. म्हणून फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा जुना डीपी स्विच काढू नका, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगा पडेपर्यंत वाळते, अर्थिंगचा खड्डाही सोबत वाळतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला वडिलांना सांगा.

आई-वडिलांसाठी भिंतीवर बटण हवंच. बाहेरून स्विच जोडायची टर्मिनल्स तुमच्या डबीत असतील तर तिथे बेलचं बटण लावा. एकदा दाबलं की तासभर चालू, मग आपोआप बंद. आईला मी एवढंच सांगितलं की हे दारावरच्या घंटीसारखं आहे. तांब्याच्या बंबात कापसाच्या पऱ्हाट्या सारत जिचं आयुष्य गेलं, तिला हे पटायला दोन दिवस पुरले.

सगळं झालं की एक रविवार धुळ्याला काढा. राउटर बंद करा, बटण दाबा, घड्याळ लावा. तासाने गिझर बंद झाला पाहिजे. मग चालू असतानाच मेन स्विच पाडा आणि पुन्हा टाका. गिझर बंदच राहिला पाहिजे. दोन्ही जमलं की पुण्याची गाडी पकडा.

आणि पहाटे गिझर चालू करणारं ऑटोमेशन लावलंच असेल, तर मार्च संपला की ते बंद करायला विसरू नका. मे महिन्यात दुपारी स्लॅबवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, तेव्हा बंद गिझरमधलं २५ लिटर पाणीच घरातलं सगळ्यात गार पाणी असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे लाल खुणेचा नळ उघडून आंघोळ करतात. मागच्या वर्षी ऑटोमेशन चुकून चालू राहिलं, तेव्हा पहिली बादली वडिलांनी घेतली होती.