तीन गुणांवर डाव बदलू नका

प्रश्न : बास्केटबॉल कोचिंगच्या व्हिडिओ गेममध्ये मी अट लावली आहे : ३ गुणांनी मागे पडलो की आपोआप फुल कोर्ट प्रेस (प्रतिस्पर्ध्याला पूर्ण मैदानभर दाबून धरणारा बचाव) लागतो. तरी शेवटच्या क्वार्टरमध्ये संघ ढेपाळतो. असं का?
– एक वाचक, नागपाडा, मुंबई

उत्तर : ३ गुण म्हणजे लांबून पडलेली एकच बास्केट! तेवढ्यावर प्रेस लागला तर तो पहिल्या क्वार्टरपासून चालू-बंद होतो. पोरं दमतात, फाउल चढतात. अटीत वेळही घाला : शेवटची ५ मिनिटं आणि ८ गुणांची पिछाडी. प्रेस बंद व्हायची अट वेगळी ठेवा, पिछाडी ४ वर आल्यावर. दोन्हीकडे ८ च ठेवलेत तर प्रत्येक बास्केटला डाव पालटेल. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, म्हणून तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथा झाला की त्याला बसवायची अटही लावाच.