होडीच्या फासळ्या वाफ देऊनही तडकतात. वळण करवतीने कापून काढू का?

तुम्ही ऐरोलीत बारा फुटी वल्ह्याची होडी बांधताय. फळ्या चढल्यात, आणि आता सागाच्या फासळ्या वाकवताना मोडतायत. कंटाळून फळीतूनच कमान कापायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय.

कापू नका. सरळ रेषांच्या, म्हणजे सरळ धाग्यांच्या, फळीतून वळण कापलं की कुठेतरी रेषा आडव्या जातात आणि फासळी नेमकी तिथेच मोडते. खाडीवरचे जुने सुतार वाकड्या वाढलेल्या बाभळीच्या फांद्या शोधत फिरायचे ते याचसाठी. झाडानेच वळण दिलेलं असलं की रेषाही त्या वळणाबरोबर जातात. पण ते मचव्यासारख्या मोठ्या होडीला ठीक. तुमच्या होडीला बाभूळ फार जड होईल.

आता मोडण्याचं कारण. मला संशय लाकडाचा आहे, वाफेचा नाही. भट्टीत वाळवलेला साग वाफेला दाद देत नाही. वाफेने लाकडाचे धागे एकत्र धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं, पण त्यासाठी आत ओल लागते. वखारीत जाऊन कमी वाळलेला, बिनगाठीचा तुकडा मागा आणि त्याच्या कडेची एक चीप फोडून बघा. चीर टोकापर्यंत सरळ गेली तर घ्या, तिरकी सुटली तर परत ठेवा. वखारवाला वैतागेल, वैतागू दे.

फासळी साधारण पाऊण इंच रुंद आणि अर्धा इंच जाड पुरे. दोन फासळ्यांत सहा ते नऊ इंच अंतर ठेवा. वाढीची वलयं फळीला समांतर येतील अशी ती बसवा, म्हणजे खिळा वलयांना आडवा जातो आणि लाकूड फुटत नाही. आतल्या बाजूच्या दोन्ही कडा रंध्याने किंचित मारून घ्या, कारण तडा बहुतेक वेळा धारदार कडेपासून सुरू होतो.

इंचभर जाडीला तासभर वाफ असा हिशोब धरतात, म्हणजे तुम्हाला अर्धा तास. पेटी प्लायवूडची चालेल, पण ती हवाबंद करू नका. वाफेला बाहेर पडायला वाट हवीच, नाहीतर पेटी फुटून कोणीतरी भाजेल. पेटीतून काढल्यावर हातात जेमतेम काही सेकंद असतात, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून ठेवा, हातमोजे घाला आणि जोडीला एक माणूस घ्या. खालचं टोक कण्याशी, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाशी, दाबून धरायचं आणि तिथून वर, काठापर्यंत, झटकन पण सलग दाबत जायचं. मध्ये थांबलात की तिथेच कोपरा पडतो. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, होडी निमुळती होते तिथे वरचं टोक थोडं पिळायचं. गरम फासळी पिळून फळीला अंगभर चिकटते, कापलेल्या फासळीचा उतार मात्र तासून काढावा लागतो. वाफेचा हा फायदा लोक विसरतात.

फासळी कुठे फळीपासून सुटली असेल तर खिळ्याने ओढून घेऊ नका. फळीच वाकते आणि सांधा उघडतो. ती पुन्हा वाफवा किंवा दुसरी घ्या. दुसरी नसेल तर सागाच्या चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या साच्यावर वाकवून इपॉक्सीने चिकटवा, पण आधी त्या ॲसिटोनने पुसा. सागाच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही.

कण्याजवळ प्रत्येक फासळीखाली पाणी वाहायला छोटी खाच ठेवा. ओहोटीला होडी खाडीच्या चिखलात एका कुशीवर बसणार. तेव्हा पाणी एका खणात अडकून राहिलं तर लाकूड आधी तिथेच कुजतं. खिळे तांब्याचे घ्या. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, फुगतं आणि भोवतीचं लाकूडही खातं.

आणि फळ्या एकमेकींना कशाने जोडल्यात ते लिहा. प्लायवूड शिवून वरून इपॉक्सी आणि काचकापड लावलेली होडी असेल, तर एवढ्या फासळ्यांची गरजच नाही.