सुरमई आणि वाहू यांतला फरक कसा ओळखायचा?
अंदमानात गळाला लागलेला पट्टेवाला लांबडा मासा सुरमई की वाहू, हा गोंधळ साहजिक आहे. दोघं एकाच कुळातले. पट्ट्यांवर जाऊ नका, वाहूचा झगझगीत निळा रंग मेल्यावर पार उतरतो. अंगावरची, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक आडवी रेघ बघा. सुरमईची रेघ दुसऱ्या पाठपराच्या मागे एकदम खाली वळते, वाहूची पहिल्या पराखालीच. त्या पहिल्या पराचे काटेही मोजा: सुरमईला १५ ते १८, वाहूला २३ ते २७.

खेळ म्हणाल तर वाहू. पहिल्याच धावेत रीळ किंचाळते! २००५ मध्ये मेक्सिकोत ८३ किलोंचा मिळाला होता. दात दोघांचेही कात्रीसारखे, त्यामुळे तारेचा लीडर (दोरी आणि गळ यांमधला तुकडा) हवाच. ताटात मात्र मी सुरमईच घेईन, वाहू तव्यावर लगेच कोरडा पडतो.