भंगारातल्या वस्तूंपासून केलेली आधुनिक शिल्पे समजून कशी घ्यावीत?

भंगारातल्या वस्तूंची शिल्पे समजून कशी घ्यावीत आणि त्यांना कोट्यवधींच्या किमती का मिळतात, असे तुम्ही विचारले आहे. त्या प्रश्नातील 'असली झाकणे आणि पत्रे तर कोणीही जोडेल' हे वाक्य मी वीस वर्षे ऐकत आलो आहे, कारण सांगलीत माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, भंगाराचे दुकान होते आणि माझे मेहुणे अशा शिल्पांबद्दल व अण्णांच्या धंद्याबद्दल एकाच सुरात बोलतात. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

२०२३ च्या डिसेंबरात अण्णा माझ्याकडे लंडनला आले असताना मी त्यांना टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नेले. हे संग्रहालय जुन्या वीजकेंद्रात आहे आणि त्याच्या प्रचंड टर्बाइन हॉलमध्ये तेव्हा शिल्पकार एल अनात्सुई यांचे 'बिहाइंड द रेड मून' हे शिल्प टांगलेले होते. अनात्सुई जन्माने घानाचे, पण त्यांची हयात नायजेरियातील न्सुका येथे शिकवण्यात आणि काम करण्यात गेली. तिथे १९९८ मध्ये त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक पिशवी टाकून दिलेली सापडली. ती झाकणे आणि बाटलीच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्या कापून, ठोकून चपट्या करून, पिळून, तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधून ते आणि त्यांचे सहकारी भिंतीएवढे पडदे तयार करतात.

अण्णांनी माहितीचा फलक वाचला नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. लाल शिडासारख्या पहिल्या भागाखालून ते सरळ शेवटच्या काळ्या पडद्यापाशी गेले आणि म्हणाले, "हा जर्मन आहे." आमच्या दुकानात ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणत. मग भोके कशाने पाडली असतील, तार किती जाडीची आहे, एवढे वजन वर कुठे पेलले आहे, असे त्यांचे प्रश्न सुरू झाले. पडद्याच्या मागे गेल्यावर काळ्याच्या जागी चंदेरी आणि रंगीबेरंगी तुकडे दिसले, तेव्हा ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. "याची कापडासारखी घडी होत असणार," असे त्यांनी स्वतःहून सांगितले, आणि ते अगदी खरे आहे: अनात्सुई यांची अशी कामे घडी घालून पेट्यांतून नेतात, आणि दर वेळी ती टांगताना पडणाऱ्या चुण्या वेगळ्या असतात, कारण चुण्या कशा पाडायच्या हे अनात्सुई टांगणाऱ्यांवर सोपवतात.

मग मी त्यांना सांगितले की पश्चिम आफ्रिकेत ही विलायती दारू युरोपी व्यापाऱ्यांबरोबर आली, तिच्या मोबदल्यात माणसेही विकत घेतली गेली, ती माणसे अटलांटिकपार उसाच्या मळ्यांवर नेली आणि त्या उसाच्या मळीतून पुन्हा रम निघाली. शिवाय या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते हेन्री टेट साखरेचेच कारखानदार होते. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माल बरोबर निवडला आहे."

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. वस्तू कोणती, ती कुणाच्या हातांतून आली, आणि तिच्या जागी दुसरी ठेवली तर काम कोसळते का, हे पाहावे. भारतीय शिल्पकार सुबोध गुप्ता यांनी २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची अजस्र कवटी केली. तीच कवटी प्लास्टिकच्या बादल्यांची असती तर भुकेचा संदर्भ उरला नसता, कारण स्टीलचे ताट-तांब्या आपल्याकडे जेवणाशीच बांधलेले आहेत. तार कशी बांधली आहे हे न विचारता फक्त संकल्पनेवर बोलणाऱ्या जाणकारांना मी अण्णांपेक्षा कमी जाणकार मानतो.

मेहुण्यांचे म्हणणे असे की संग्रहालयात टांगले म्हणून आपण त्याला कला म्हणतो. अण्णांना त्या इमारतीचे नावही उच्चारता येत नव्हते. चाळीस वर्षे पितळ, बीड, जर्मन वेगळे करण्यात घालवलेला माणूस त्या पडद्यासमोर एक तास उभा राहिला, आणि त्याने किलोचा भाव काढला नाही, हे मी पाहिले आहे.

ही कसोटी सगळीकडे चालणार नाही, हेही लिहिले पाहिजे. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये विकत आणलेले मूत्रपात्र शिल्प म्हणून प्रदर्शनाला पाठवले, तिथे हातकामाचा प्रश्नच येत नाही आणि अण्णांची नजर मदतीला येत नाही. चौकाचौकांत नटबोल्ट जोडून उभे केलेले मोर मलाही आवडत नाहीत, कारण तिथे नटबोल्टच का, याला काहीही उत्तर नसते. अशा कामांना कोट्यवधींच्या किमती का मिळतात, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग बाजाराचा आहे आणि तो मी सोडून देतो.